ऑक्सफर्डच्या बागेतलं एक बाकडं आणि दोन जगांमधली बंद झालेली खिडकी

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाची वनस्पती बाग १६२१ साली सुरू झाली. तिथे एक साधं लाकडी बाकडं आहे. त्यावर कुणीतरी ‘लायरा + विल’ असं कोरलंय. हे बाकडं बघायला लांबून लोक येतात. पण लायरा आणि विल नावाची ही जोडी प्रत्यक्षात कधी नव्हतीच!

ही दोघं फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या कादंबरीत्रयीतली मुलं. १९९५, १९९७ आणि २००० साली ही तीन पुस्तकं आली. तिसऱ्या पुस्तकाला व्हिटब्रेड पुरस्कारात वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक म्हणून निवडलं गेलं. मुलांच्या पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. २०१९ ते २०२२ दरम्यान त्यावर टीव्ही मालिकाही आली.

लायराच्या जगातही ऑक्सफर्ड आहे, पण ते आपलं नाही. तिथे चर्चची सत्ता चालते आणि प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याचं रूप घेऊन त्याच्या सोबत फिरतो. त्याला म्हणतात ‘डेमन’. (नावावर जाऊ नका, राक्षसाशी त्याचा संबंध नाही.) लहान मुलांचा डेमन सतत रूप बदलतो, आत्ता पतंग तर क्षणात मांजर. मूल वयात आलं की तो एकाच रूपात कायमचा थांबतो. मोठं होणं म्हणजे काय, हे पुलमन असं डोळ्यांना दाखवतात.

विल मात्र आपल्या जगातला. त्याच्या हाती अशी सुरी लागते, जी हवेत खिडकी कापून दुसऱ्या जगात जायची वाट करते. वाटेत सिट्टागाझे नावाचं शहर लागतं. तिथली ‘स्पेक्टर’ नावाची भुतं फक्त मोठ्यांना खातात, मुलांना ती दिसतही नाहीत.

मराठी वाचकांना समांतर जग नवं नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि इतिहासच बदलतो. अनेकांनी ही गोष्ट अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने वाचली असेल. गंगाधरपंत त्या जगात अपघाताने जातात आणि परत येतात. त्या ये-जा करण्याची किंमत कुणाला मोजावी लागत नाही.

पुलमन तीच किंमत मोजायला लावतात. (इथून पुढे शेवट उघड होतो. पण तो सांगितल्याशिवाय बाकड्याचं कोडं सुटत नाही.) सुरीने कापलेल्या प्रत्येक खिडकीतून एक नवं स्पेक्टर जन्माला येतं. शिवाय ज्या ‘धुळी’मुळे माणसाला जाणीव आणि शहाणपण मिळतं, ती या खिडक्यांतून बाहेर गळून जाते. म्हणजे सगळ्या खिडक्या बुजवायला हव्यात. मग दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या जगात राहावं? तेही जमत नाही. परक्या जगात माणूस खंगत जातो आणि दहाएक वर्षांत मरतो.

एकच खिडकी उघडी ठेवता येईल, असं त्यांना कळतं. क्षणभर दोघांना वाटतं, ती आपल्यासाठी ठेवू. पण मेलेल्यांच्या जगातून सुटण्याची वाट त्यांनीच उघडली आहे. ती बंद झाली, तर तिथले सगळे पुन्हा अडकतील. म्हणून ती खिडकी ते मेलेल्यांना देऊन टाकतात.

या पुस्तकांवर वादही भरपूर झाले. २००७ साली पहिल्या भागावरचा सिनेमा आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली. तिसऱ्या पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीत तर लायराला वयात येताना जे जाणवतं, त्यातली काही वाक्यं गाळली होती. वयात येणं हाच ज्या गोष्टीचा गाभा, तिथेच कात्री चालली!

निरोप घेताना दोघं ठरवतात की दरवर्षी उन्हाळ्यातल्या ठरलेल्या एका दिवशी, दुपारी बारा वाजता, आपापल्या ऑक्सफर्डमधल्या याच बाकड्यावर तासभर बसायचं. बाग दोन्ही जगांत आहे, बाकडंही दोन्हीकडे आहे.