ग्रंथदिंडीतील वेश

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा आरंभ ग्रंथदिंडीने होतो. वारकऱ्यांच्या दिंडीवरून घेतलेल्या या मिरवणुकीत पालखीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा यांसारखे ग्रंथ आणि अलीकडे अनेक ठिकाणी भारताचे संविधानही ठेवले जाते, पुढे लेझीम आणि ढोल-ताशांची पथके असतात, आणि सहभागी होणाऱ्यांनी ‘पारंपरिक वेशात’ यावे अशी संयोजकांची अपेक्षा असते. व्यवहारात या वेशाचे रूप आता जवळजवळ ठरून गेले आहे: स्त्रियांसाठी नऊवारी, नथ आणि चंद्रकोर, पुरुषांसाठी कुर्ता आणि भगवा किंवा गुलाबी फेटा. हे रूप देखणे आहे यात शंका नाही. परंतु मराठी माणसांच्या पेहरावाचा इतिहास त्यात मावत नाही.

या संमेलनांची सुरुवात मानले जाणारे पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा पगडी, अंगरखा, उपरणे आणि धोतर हा तेथील सुशिक्षितांचा नित्याचा पोशाख होता, आणि त्याला ‘पारंपरिक’ म्हणण्याचे कोणाला कारणही नव्हते. पोशाख रोजच्या वापरातून गेला की मगच तो परंपरेचा म्हणून मिरवला जाऊ लागतो. नऊवारी लुगड्याचेही तसेच झाले. नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे हे वस्त्र परकराशिवाय नेसले जाते. पुढे निऱ्या घालून त्यांतला भाग पायांमधून मागे नेऊन कंबरेशी खोचतात, आणि त्यालाच काष्टा किंवा कासोटा म्हणतात. या रचनेमुळे पाय मोकळे राहतात, म्हणून शेतात वाकून लावणी करणारी, डोक्यावर पाटी वाहणारी आणि मासळी विकणारी स्त्री हेच वस्त्र आपापल्या पद्धतीने, कोणी गुडघ्यापर्यंत तर कोणी घोट्यापर्यंत, नेसत आली. विसाव्या शतकात शहरांतून सहावारी रूढ झाली आणि नऊवारी प्रथम वृद्ध स्त्रियांपुरती, नंतर सणसमारंभापुरती उरली. आज दिंडीत दिसणाऱ्या नऊवाऱ्यांपैकी अनेक शिवलेल्या, पायजम्यासारख्या चढवायच्या असतात. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही, कारण नेसण्याचे कसब शिकवणारे माणूस घरात उरले नसताना त्यांनीच हा वेश तरुण मुलींच्या आवाक्यात ठेवला आहे.

डोक्यावरच्या वस्त्राची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पगडी ही आधीच बांधून व शिवून तयार केलेली, टोपीसारखी चढवायची वस्तू असते, तर फेटा, पटका किंवा पागोटे दर वेळी लांब कापडाचे वेढे देऊन बांधावे लागते. पगडीच्या घडणीवरून आणि पागोट्याच्या वळणावरून माणसाची जात, व्यवसाय आणि प्रांत ओळखला जात असे. वेश हे समाजातील स्थानाचे विधान असते हे महात्मा फुले यांनी पुरते जाणले होते. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते साध्या शेतकऱ्याच्या पोशाखात गेले आणि उंची पोशाखांच्या त्या सभेपुढे त्यांनी ग्रामीण रयतेची बाजू मांडली.

स्त्रियांच्या बाबतीत हे विधान त्यांच्यावर लादलेले असे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात नोंदवले आहे की महार स्त्रियांना लुगड्याचे काठ निऱ्यांमध्ये दडवून नेसावे लागत, कारण काठ दिसतील असे नेसणे हा वरच्या जातींतील स्त्रियांचा अधिकार मानला जाई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, त्यात अस्पृश्यतेची खूण ठरलेल्या कथलाच्या व चांदीच्या गोठ-पाटल्या टाकून देण्याचे आणि लुगडे सवर्ण स्त्रियांप्रमाणे नेसण्याचे आवाहन होते. ते ऐकून अनेकींनी तेथेच नेसण्याची रीत बदलली. ग्रंथदिंडीत कोणीही कोणताही काठ मिरवू शकते, यामागे हा संघर्ष आहे, आणि ज्या उत्सवात दलित साहित्याच्या थोरवीवर परिसंवाद होतात तेथे तरी त्याची जाण असायला हवी. ‘आपला पारंपरिक वेश’ या शब्दांत कोणाकोणाची परंपरा गृहीत धरली आहे, हा प्रश्न अशा ठिकाणी औचित्याचाच ठरतो.

वस्त्रांचे वैविध्य तर डोळ्यांसमोरच आहे. पैठण आणि येवल्याच्या पैठणीत पदरावरचे मोर, मुनिया आणि आसावली वेल निरनिराळ्या रंगांच्या धाग्यांनी हातमागावरच गुंफले जातात, त्यामुळे अस्सल विणीत नक्षी उलट बाजूसही जवळपास सुलट बाजूइतकीच स्वच्छ दिसते. नक्कल केलेल्या यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. दक्षिण महाराष्ट्रात घरोघरी वापरली जाणारी इरकल मूळची कर्नाटकातील इलकलची असून तिच्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे घेऊन फासे घालून जोडतात. तिच्यासोबत शोभणारा खण गुळेदगुड्डचा असतो. पूर्व विदर्भात टसर रेशमाची करवतकाठी विणतात, जिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, तर गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रियांची चौकड्यांची साडी खांद्यावर गाठ मारून नेसली जाते.

संमेलन महाराष्ट्राबाहेरही भरते, आणि तेव्हा हा नकाशा आणखी रुंदावतो. इंदूरला २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या; इंदूर ज्यात येते त्या माळव्यातील मराठी घरांत अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेली माहेश्वरी साडी पैठणीइतकीच आपली मानली जाते. दिंडीच्या निमंत्रणपत्रिकेत ‘पारंपरिक वेश’ असे मोघम लिहिण्याऐवजी त्या त्या भागातील विणीचे नाव दिले, विणकरांना ग्रंथप्रदर्शनाशेजारी जागा दिली आणि धोतर-घोंगडीपासून रोजच्या सुती सहावारीपर्यंत सर्वांना सारखाच मान दिला, तर भंडाऱ्याच्या टसर विणकराला संमेलनाच्या दिवसांत गिऱ्हाईकही मिळेल आणि आपल्या कामाविषयी विचारणारे वाचकही.