कर्जाबरोबर आलेला विमा



2012 सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. गाडीसाठी काढलेले त्याचे कर्ज केव्हाच फिटले होते, तरी त्याच कर्जावरचे काही पैसे बँकेने त्याला व्याजासह परत केले होते. माझी सारी नोकरी बँकेत गेली. फिटलेल्या कर्जाचे पैसे बँक परत देते, हे मी तेव्हा प्रथमच ऐकले. म्हणून त्यामागची हकीकत समजून घेतली. ती आपल्याही उपयोगाची आहे.

ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर एक विमा विकला जाई. त्याचे नाव पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, थोडक्यात पीपीआय. कर्जदार आजारी पडला, अपघात झाला किंवा नोकरी गेली, तर काही काळ विमा कंपनीने हप्ते भरावेत, अशी ती योजना. कल्पना वाईट नव्हती, विकण्याची रीत वाईट होती. 'विमा घेतलात तर कर्ज लवकर मंजूर होईल' असे सुचवले जाई. काहींना तर आपण विमा घेतला आहे याचा पत्ताही नसे. माझा भाचा स्वतःचा व्यवसाय करतो. त्याची नोकरी जाणार कशी? म्हणजे ज्या संकटासाठी त्याने पैसे भरले, ते त्याच्या बाबतीत येणेच शक्य नव्हते.

2005 मध्ये 'सिटिझन्स ॲडव्हाइस' या तिथल्या संस्थेने सरकारी यंत्रणेकडे याविरुद्ध मोठी तक्रार नोंदवली. पुढे नियम कडक झाले. बँकांनी ते न्यायालयात आव्हान देऊन पाहिले, परंतु एप्रिल 2011 मध्ये त्या हरल्या आणि भरपाईचा ओघ सुरू झाला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्लेविन खटल्याचा निकाल लागला. त्यातील विमा-हप्त्याचा जवळजवळ 72 टक्के भाग दलालीत गेला होता, आणि कर्जदार बाईंना हे कोणी सांगितले नव्हते. इतकी मोठी दलाली लपवणे हाच अन्याय, असे न्यायालयाने मानले. तक्रारीची मुदत 29 ऑगस्ट 2019 रोजी संपली. तोपर्यंतच्या दाव्यांपोटी 2011 पासून एकूण 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम लोकांना परत मिळाली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. तक्रार करायला काही खर्च नव्हता, साधा अर्ज पुरत होता. तरीही असंख्य लोकांनी 'आम्ही तुमचे पैसे सोडवून देतो' म्हणणाऱ्या कंपन्यांना आपल्या भरपाईतला मोठा वाटा दिला. अर्ज लिहिण्याची भीती त्यांना महागात पडली.

आता घरची गोष्ट. आपल्याकडेही गृहकर्ज किंवा शैक्षणिक कर्ज घेताना आयुर्विमा पुढे केला जातो. आमच्या शाखेलाही त्याचे टार्गेट असे. 'साहेब, हे घ्यावेच लागते' हे वाक्य मीही ग्राहकांना ऐकवले आहे, याची आज खंत वाटते. कारण ते खरे नव्हते. बँकेमार्फत घ्यायचा विमा पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि कर्जाशी त्याची सांगड घालू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत.

विमा मुळीच घेऊ नये असे मी म्हणत नाही. कमावता माणूस गेला तर विम्याच्या पैशातून कर्ज फिटते आणि घर वाचते. पण तो कोणाकडून, किती रकमेचा व कसा घ्यायचा, हे आपण ठरवावे.

मुलांनो, एक गणित पाहा. विम्याचा एकरकमी हप्ता 80,000 रुपये आहे. तो रोख न भरता कर्जातच मिळवला. व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 720 रुपयांनी वाढतो. 240 महिन्यांत तो होतो 1,72,800 रुपये! ऐंशी हजारांच्या वस्तूला दुपटीहून अधिक दाम. घरातल्या कर्जाचे आकडे घेऊन आईबाबांबरोबर असेच गणित करून पाहा.

असा विमा गळ्यात पडला असेल तर काय करावे?

1. कर्जाची कागदपत्रे काढून विम्याच्या नावाने किती रक्कम गेली ते शोधा. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना बँकेने मुख्य तपशिलांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात बँकेमार्फत घेतलेल्या विम्याचा खर्चही दाखवावा लागतो.

2. व्यक्तिगत आयुर्विमा असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन बाकी पैसे मिळतात. गटविमा असेल तर प्रमाणपत्रावरील अटी वाचा.

3. कर्ज मुदतीपूर्वी फेडले असेल तर उरलेल्या काळाच्या विम्याचे काय, हे कंपनीला लेखी विचारा. न विचारता कोणी सांगत नाही.

4. फसवणूक वाटल्यास प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. विमा नियामकाच्या 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

5. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे जा. गुजरातसाठी त्यांचे कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही. 50 लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते, म्हणून चालढकल करू नका. बँकेच्या वागणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेगळी दाद मागता येते.

आपल्या बडोद्यातील बरीच मराठी घरे नोकरदारांची. 'साहेबांनी सांगितले, सही केली' ही आपली जुनी सवय. सही करण्यापूर्वी 'हे ऐच्छिक आहे का?' एवढा एकच प्रश्न विचारायला धिटाई लागते. विश्वस्तांना विनंती, की पुढील पालकसभेत अर्धा तास या विषयाला द्यावा. शिक्षणकर्ज घेणाऱ्या पालकांचे अर्ज वाचून द्यायला मी आनंदाने येईन. ज्या वाक्याने मी इतरांना सही करायला लावले, त्याची तेवढीच परतफेड.

– एक निवृत्त बँक कर्मचारी व माजी पालक