गाऊट : दुखणे अंगठ्याचे, आळ वरणभातावर

सदाशिव पेठेतील एखाद्या जुन्या वाड्यातले साठीचे गृहस्थ रात्री निश्चिंत झोपतात आणि पहाटे पायाच्या अंगठ्यातील असह्य ठणक्याने जागे होतात. सांधा लालबुंद, गरम, सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. लाकडी जिना उतरणे दूरच. रक्तात यूरिक अॅसिड वाढल्याचे कळताच घरात वरण, टोमॅटो, पालक वर्ज्य होतात. ‘सामिष नाही, मद्य नाही, मग हा विकार कसा?’ हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

चरकसंहितेत ‘वातरक्त’ या मिळत्याजुळत्या व्याधीवर स्वतंत्र अध्याय आहे. तिचे एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे धनवंतांचा वात. युरोपातही गाऊट हा राजेरजवाड्यांचा रोग मानला जाई. ही समजूत अपुरी आहे. प्यूरिन या घटकांच्या विघटनातून यूरिक अॅसिड तयार होते आणि त्यातील मोठा भाग शरीराच्या स्वतःच्या पेशींतून येतो. बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडांकडून त्याचा निचरा कमी होतो. आनुवंशिकता, स्थूलता, मूत्रपिंडविकार आणि रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी काही औषधे ही त्याची कारणे. प्रमाण ६.८ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले की सांध्यात सुईसारखे स्फटिक साचू लागतात. पायाचे बोट तुलनेने थंड असल्याने ते तेथे लवकर जमतात.

अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षे पाहणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व मासे यांमुळे धोका वाढल्याचे दिसले. प्यूरिनयुक्त भाज्यांमुळे वाढल्याचे दिसले नाही. दुधाच्या पदार्थांनी तो कमी झाला. तेव्हा वाटीभर वरण आणि ताक यांना घाबरण्याचे कारण नाही. बीअर, गोड शीतपेये आणि पाण्याविना केलेले कडक उपवास मात्र टाळावेत.

ठणका सुरू होताच शेक किंवा मालिश करण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी पाय उंच ठेवून विश्रांती द्यावी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. कोल्चिसिन, वेदनाशामके किंवा स्टिरॉइड जितके लवकर सुरू होईल तितके उपयोगी. परंतु निवड डॉक्टरांनीच करावी, कारण मूत्रपिंड दुबळे असल्यास यांतील काही औषधे घातक ठरतात. ऐन झटक्यात रक्ततपासणी ‘नॉर्मल’ येऊ शकते. खात्री सांध्यातील द्रवात स्फटिक दिसल्याने होते. सोबत ताप असल्यास जंतुसंसर्गाची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

ठणका थांबला म्हणजे आजार गेला, असा समज सर्वाधिक नुकसान करतो. वारंवार झटके येणाऱ्यांना अॅलोप्युरिनॉलसारखे औषध अल्प मात्रेने सुरू करून यूरिक अॅसिड ६ च्या खाली आणावे लागते. प्रारंभीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना झटके वाढू शकतात. ‘औषधानेच दुखणे वाढले’ असे म्हणून अनेकजण येथेच गोळी सोडतात. ती सोडू नये. फक्त अंगावर पुरळ उठल्यास ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास सांधे कायमचे झिजतात आणि गाठी येतात. नियमाने घेतलेली गोळी मात्र हे स्फटिक हळूहळू विरघळवते, आणि जिना पुन्हा सहज उतरता येतो.