बीपीची गोळी आणि किडनीचे तंतू

आमच्या कळंबमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. किडनीजवळची नस जाळली की बीपी बरा होतो म्हणे, मग रोजची गोळी कशाला? विचारणारे बहुधा पन्नाशीच्या पुढचे असतात. कुणाच्या अब्बांना लकवा मारून गेलेला असतो, कुणाची अम्मी डायलिसिसवर असते. उपचार खरा आहे. गोळी सुटते, हे मात्र खरं नाही. या गैरसमजात जीव जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे नस म्हणजे रक्ताची नळी नव्हे, मज्जातंतू. किडनीला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या बाहेरून हे तंतू वेलीसारखे जातात. ते जास्त चेतले की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. उपचारात मांडीच्या सांध्यातून बारीक नळी धमनीत नेतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत उष्णतेने किंवा ध्वनिलहरींनी बाहेरचे तंतू निकामी करतात.

तंतूंवाटे बीपी उतरवण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सर्पगंधेची मुळी हकीम-वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत. हकीम अजमल खान यांच्या प्रोत्साहनाने दिल्लीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये या मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा बीपीच्या रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातून मिळालेलं रिसर्पीन तंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा साठा रिकामा करतं, हे कळलं. पण त्याने काही रुग्णांना उदासी घेरायची, म्हणून ते मागे पडलं.

नळीचा उपचार माणसांवर पहिल्यांदा २००७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात झाला. सुरुवातीचे आकडे डोळे दिपवणारे होते. मग अमेरिकेत ५३५ रुग्णांवर कसून चाचणी झाली. काहींचे तंतू जाळले, काहींना फक्त टेबलावर झोपवून तपासणी केली, आणि कुणाचं काय केलं हे रुग्णाला सांगितलं नाही. २०१४ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी उपचार झालेल्यांचा वरचा आकडा सुमारे १४ ने उतरला होता, न झालेल्यांचाही सुमारे १२ ने! नुसत्या चाचणीत असण्यानेही बीपी उतरतो, गोळ्या नियमाने घेतल्या जातात, हे तेव्हा नीट कळलं. आम्हांला तर या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

चुकलं कुठे, हे शोधताना प्राण्यांवरचे प्रयोग कामी आले. प्राणी डुक्कर, कारण त्याची किडनी आणि तिची धमनी आकाराने माणसासारखी. धमनीच्या वेगवेगळ्या भागांत जाळून नंतर किडनीच्या ऊतीत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन किती उरलं, हे मोजलं. मुख्य धमनीबरोबर पुढच्या फांद्यांतही जाळलं की ते सर्वांत जास्त घटलं, कारण फांद्यांपाशी तंतू धमनीला चिकटून असतात. दुसरीकडे सीटी स्कॅनच्या चित्रावर बघत, पाठीकडून सुई घालून धमनीभोवती अल्कोहोल सोडण्याचेही प्रयोग डुकरांवर झाले. त्यात रंगद्रव्य मिसळलं की औषध नेमकं कुठे पसरलं ते पडद्यावर दिसतं.

यानंतरच्या चाचण्यांत फरक दिसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा दोन उपकरणांना परवानगी दिली. फरक किती? खोट्या उपचाराच्या तुलनेत वरचा आकडा सरासरी ४ ते ६ ने कमी, म्हणजे एखाद्या गोळीइतका. ज्याला तीन-चार गोळ्या घेऊनही दाब आवरत नाही, त्याला हा आधार आहे. बाकीच्यांना गोळी स्वस्त आणि खात्रीची.

डुकराचं नाव निघालं की आपल्या घरांत पुढचा प्रश्न ठरलेला. नळीतून डुकराचं काही शरीरात घालत नाहीत. मात्र प्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि ते बहुतांश डुकराच्या आतड्यापासून तयार होतं. अँजिओप्लास्टी आणि डायलिसिसमध्येही तेच वापरतात. मनात शंका असेल तर डॉक्टरांना आधी पर्याय विचारावा, जाणकार आलिमांशी बोलावं. मजबुरीच्या सवलतीचा उल्लेख कुरआनात सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत आहे.

रमजानमध्ये गोळी सोडणारे आम्ही दरवर्षी पाहतो. बहुतेकांना दिवसातून एकदाची गोळी सहरी किंवा इफ्तारला जमवून घेता येते. ते डॉक्टरांकडून शाबानमध्येच ठरवून घ्यावं. इफ्तारच्या भजी, पापड, लोणच्यातलं मीठही मोजावं. बीपी तपासण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर असावेत. दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत आणि दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्यावी.