साहेबाचा मीटर आणि शेवटचे चार आकडे

(एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हे शब्दांकन. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

मागच्या वेळी मी म्हणालो होतो, पुढचा एपिसोड कॅशिंगवर. तो पुढे ढकललाय. कारण मध्ये भुसावळला घराची आवराआवर झाली आणि माळ्यावरून आजोबांचा मीटर खाली आला.

मीटर म्हणजे रिक्षाचा नाही हं. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजायचा मल्टीमीटर. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये पिवळा डिजिटल असायचा, त्याचा खापरपणजोबा. काळा, विटेसारखा जड, दोन मोठे नॉब, वर चामड्याचा पट्टा, आणि डायलवर काट्याच्या खाली आरशाची एक बारीक पट्टी. काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आले की समजायचं, आपण बरोबर समोरून बघतोय. ही आयडिया मला अजूनही भारी वाटते.

आजोबांचं भुसावळला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मीटरबद्दल घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. आजोबा सतरा वर्षांचे असताना रेल्वेत एका इंग्रज साहेबाच्या हाताखाली होते. १९४७ साली साहेब विलायतेला निघाला आणि जाताना त्यांना हा मीटर देऊन गेला. लाकडी पेटीसकट. बाबा ही गोष्ट लग्नकार्यात सांगतात. मीही एकदा इंटरव्ह्यूमध्ये सांगितलीय.

तर मीटर पुसला आणि डायल नीट वाचली. मराठीत सांगायचं तर पोटात गोळा आला.

एव्हो म्हणजे काय?

डायलवर लिहिलंय 'एव्होमीटर मॉडेल ८'. एव्हो म्हणजे अँपियर, व्होल्ट, ओहम या तीन शब्दांची इंग्रजी पहिली अक्षरं. लंडनच्या पोस्ट ऑफिसमध्ये डोनाल्ड मॅकॅडी नावाचे इंजिनियर होते. तिकडे तेव्हा टेलिफोनचं कामही पोस्टाकडेच होतं. व्होल्टेजला एक यंत्र, करंटला दुसरं, रेझिस्टन्सला तिसरं, असं ओझं वाहायचा त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी तिन्ही एकाच डब्यात बसवली. कॉइल गुंडाळायची मशीनं बनवणाऱ्या एका लंडनच्या कंपनीने हा मीटर १९२३ साली बाजारात आणला. तीच पुढे एव्हो कंपनी झाली.

मॉडेल ७ हे १९३६ चं. मॉडेल ८ आलं १९५१ साली, आणि सुधारणा होत होत २००८ पर्यंत बनत राहिलं. सत्तावन्न वर्षं एकच प्रॉडक्ट! आपल्याकडे फ्रंटएंड फ्रेमवर्क सत्तावन्न महिने टिकत नाही.

पण मुद्दा कळला ना? मॉडेल ८ आलं १९५१ साली. साहेब गेला १९४७ साली.

आधी मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. डायल नंतर बदलली असेल, आजोबांनी दुरुस्तीत नवी टाकली असेल. मग सीरियल नंबर पाहिला. पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच एव्होंवर सीरियल नंबर डायलवरच छापलेला असतो: आधी आकडे, मग एक अक्षर, मग रेघ आणि शेवटी तीन किंवा चार आकडे. या शेवटच्या आकड्यांत महिना आणि साल असतं. ७५६ म्हणजे जुलै १९५६. आमच्या मीटरवर होतं ११५८. नोव्हेंबर १९५८.

म्हणजे साहेब गेल्यावर अकरा वर्षांनी हा मीटर इंग्लंडमध्ये तयार झाला.

आजीला सांगायचं कोणी?

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझं काहीतरी चुकतंय, परत बघ." आई म्हणाली, आजीला सांगू नकोस. आजी आता सत्त्याऐंशीची आहे. पण मला राहवेना. संध्याकाळी चहा घेऊन तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "आजी, हा मीटर साहेबाचा नाही वाटतं. अठ्ठावन्न सालचा आहे."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अठ्ठावन्न का? असेल. आमच्या लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने आणला यांनी, मुंबईहून. माझ्या पाटल्या गेल्या त्यात."

मी बघतच राहिलो.

"मग साहेबाची गोष्ट?"

"अरे, मामंजींना काय सांगायचं? सुनेचं सोनं मोडून यंत्र आणलं म्हणून? साहेबाची रिकामी पेटी होतीच घरात. तिच्यात ठेवलं आणि म्हणाले, साहेबाचंच आहे, इतकी वर्षं त्याच्या बंगल्यावरच्या माळीबुवांकडे पडून होतं. मामंजींना ते पटलं. मग तेच सगळ्यांना सांगत गेले."

"आणि पाटल्या? सोडवल्या?"

"एक सोडवली," आजी म्हणाली, आणि चहा गार झाला म्हणून मला परत आत पाठवलं.

मग मी पेटी बघितली. आतल्या बाजूला काळ्या शाईत 'जी. आय. पी.' असा ठसा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ही कंपनी नोव्हेंबर १९५१ मध्ये सेंट्रल रेल्वेत विलीन झाली, त्यामुळे हा ठसा त्याआधीचा. पेटी साहेबाची, हे खरंच होतं. फक्त तिच्यात मीटर नव्हता.

जुन्या मीटरचं वय काढायचा सगळ्यात महत्त्वाचा नियम मला या पेटीने शिकवला, म्हणून ही घरची गोष्ट इतकी लांबवली. पेटी, डायल, वायरी, बॅटरीच्या कप्प्यातलं लेबल, या प्रत्येकाचं साल वेगळं असू शकतं. गिटच्या हिस्ट्रीसारखं समजा. एका फाइलमध्ये दहा वर्षं जुनी ओळ सापडली म्हणून सगळा प्रोजेक्ट तेवढा जुना ठरत नाही. मीटरचा जो मूळ भाग सगळ्यात नवा, त्याच्या आधी तो मीटर बनलेलाच असू शकत नाही. आणि मूळ भाग कुठले, दुरुस्तीत बदललेले कुठले, हे ठरवण्यातच सगळा वेळ जातो.

पण एवढा महाग मीटर कशाला?

हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवण्याइतकं काय आहे यात? सत्तावन्न-अठ्ठावन्नला देशात परकीय चलनाची टंचाई होती, आयातीवर निर्बंध होते. विलायती यंत्र स्वस्तात मिळणं शक्यच नव्हतं. स्वस्त मीटर बाजारात होते की!

उत्तर डायलवरच आहे: '२०,००० ओहम प्रति व्होल्ट'. याला मीटरची सेन्सिटिव्हिटी म्हणतात. समजा एका व्हॉल्व्हच्या रेडिओत १०० व्होल्टचा सप्लाय आहे आणि तो १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुढे येतो. पुढे काही जोडलेलं नाही, म्हणजे तिथे १०० व्होल्टच दिसायला हवेत. आता १,००० ओहम प्रति व्होल्टचा साधा मीटर १०० व्होल्टच्या रेंजवर लावा. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स झाला १०० किलोओहम. अर्धं व्होल्टेज रेझिस्टरवर पडलं, अर्धं मीटरवर. काटा दाखवणार ५०. रेडिओ धडधाकट आहे आणि मीटर सांगतोय, बिघडलाय!

एव्हो ८ त्याच रेंजवर २० लाख ओहमचा असतो. तो दाखवतो साधारण ९५. आता हा माणूस रोज रेडिओ दुरुस्त करून पोट भरतोय. चुकीच्या मीटरने तो चांगला पार्ट काढून नवा घालणार, गिऱ्हाइकाचे पैसे जाणार आणि रेडिओ तरीही बोलणार नाही. पाटल्या कशात गेल्या ते मला तेव्हा समजलं.

(यातून एक उलटी गंमतही होते. जुन्या सर्व्हिस शीटवर अमुक ठिकाणी इतके व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि कुठल्या मीटरने मोजले तेही. आपण १० मेगाओहमचा डिजिटल मीटर लावला की आकडा जास्त येतो आणि आपण नसलेली खोट शोधत बसतो.)

बाजारात गेलात तर

आता मला नाद लागलाय. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवले, मुंबईत चोर बाजार झाला. एकाने मला 'दुसऱ्या महायुद्धातला, मिलिटरीचा' म्हणून एक मीटर साडेचार हजाराला सांगितला. मी उलटा करून पाहिला. मागे बनवणाऱ्याचा पत्ता, पत्त्यात सहा आकडी पिनकोड. आपल्याकडे पिनकोड सुरू झाले १५ ऑगस्ट १९७२ ला. मी काही न बोलता फक्त बोट ठेवलं. तो हसला आणि म्हणाला, "पाकिस्तानच्या युद्धातला म्हणायचं होतं मला." तेही जमत नव्हतं, कारण ते युद्ध झालं १९७१ ला. पण माणूस हजरजबाबी होता, चहा त्यानेच पाजला.

आपल्याकडच्या मीटरवर असे पुरावे भरपूर असतात आणि त्यांना इंग्रजी कॅटलॉग लागत नाही. 'पी अँड टी' कोरलेलं असेल तर मीटर पोस्ट आणि टेलिग्राफ खात्याचा. १९८५ साली पोस्ट आणि टेलिकॉम वेगळे झाले, म्हणजे कोरीवकाम त्याआधीचं. किंमत आण्यांत लिहिली असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण तेव्हा नवे पैसे आले. पण लक्षात ठेवा, ठसा आणि कोरीवकाम मीटर कोणाचा होता हे सांगतात, कधी बनला हे नाही. दहा वर्षं गोदामात पडलेल्या मीटरवरही ठसा मारता येतो.

डायलवर फ्रीक्वेन्सी कशी लिहिलीय तेही बघा. हर्ट्झ हे एकक १९६० साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं. त्याआधी 'सायकल्स पर सेकंद' लिहायचे, आणि ब्रिटिश कंपन्यांनी ती सवय पुढेही बरीच वर्षं सोडली नाही. म्हणून ब्रिटिश मीटरवर हर्ट्झ दिसलं तर तो बहुधा १९६० नंतरचा. सायकल्स दिसलं तर तेवढ्यावरून काहीच नक्की नाही.

आणि फक्त विलायतीच्या मागे लागू नका. नाशिकरोडच्या मोटवानींचे मल्टीमीटर आपल्याकडच्या कितीतरी आयटीआय आणि कॉलेजांत होते, अजूनही बाजारात मिळतात. हे तेच मोटवानी, ज्यांचे 'शिकागो रेडिओ' नावाचे लाउडस्पीकर काँग्रेसच्या सभांना लागायचे. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात नानिक मोटवानींना अटकही झाली होती. त्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू. एव्होपेक्षा हे मीटर स्वस्त मिळतात आणि सुरुवात करायला उत्तम.

हात लावण्याआधी

हे सीरियसली घ्या. जुना मीटर घरच्या २३० व्होल्टला लावायचा नाही. वायरींचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, आणि आजच्या मीटरवर जी सेफ्टी कॅटेगरी लिहिलेली असते ती यांच्या काळात नव्हतीच. एव्होला कट-आउट आहे, जास्त करंट गेला की बटण टपकन वर येतं. पण ते मीटर वाचवायला आहे, तुम्हाला नाही.

डायल अंधारात चमकायची असेल, विशेषतः विमानातले किंवा मिलिटरीचे जुने मीटर, तर अजिबात उघडू नका. त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं.

उघडायची गरज तशीही क्वचितच पडते. आत लोहचुंबक आहे, टेबलावरचा लोखंडाचा कीस ते आत ओढून घेतं आणि काटा अडकतो. पहिल्यांदा फक्त बॅटरीचा कप्पा उघडा आणि फुटलेले सेल काढा. बाकी टेस्ट सोपी आहे: नव्या वायरी, एक नवा पेन्सिल सेल, डीसीची छोटी रेंज. व्होल्ट मोजायला बॅटरी लागतच नाही, काटा मोजल्या जाणाऱ्या करंटवरच हलतो. आणि प्लास्टिकची काच कोरड्या फडक्याने घासू नका. स्थिर वीज तयार होऊन काटा भलतीकडेच उभा राहतो, आणि तुम्ही मीटर बिघडला म्हणून रडत बसता. (मी बसलो होतो.) काचेवर तोंडाची वाफ सोडली की उतरतो.

आमच्या मीटरला पेन्सिल सेल लावला. काटा दीडच्या किंचित पुढे जाऊन थांबला. शेजारी माझा डिजिटल ठेवला, तो म्हणाला १.५८. आजी खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "यांनी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी हेच करायचे."

एक काम राहिलंय. ओहमच्या सगळ्यात वरच्या रेंजला १५ व्होल्टची छोटी बॅटरी लागते, ती मला भुसावळ-पुण्यात कुठेच मिळाली नाही. गाडीच्या रिमोटमधली १२ व्होल्टची बॅटरी आणि दीड-दीडचे दोन बटण सेल एकापुढे एक बसवून बघणार आहे. तुमच्यापैकी कोणी हे आधी केलं असेल तर खाली लिहा, पॉझिटिव्ह टोक नीट कसं बसवलंत ते. आणि कॅशिंगचा एपिसोड पुढच्या आठवड्यात, नक्की.