उलटे छापलेले नाव

पांढुर्णा आणि सौसर हे छिंदवाडा जिल्ह्याचे दोन तालुके २०२३ साली वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. मध्य प्रदेशात असूनही मराठी बोलणाऱ्या या पट्ट्याला गोंड समाजाच्या गोंदणाचा शेजार जुना आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात या गोंदणाचे वर्णन आले असून ओझा समाजाच्या स्त्रिया हे काम धंदा म्हणून करीत, अशी नोंद तेथे आहे. गोंदणात काळा रंग सुईने अंतस्त्वचेत, म्हणजे वरून झडत राहणाऱ्या त्वचेखालच्या जिवंत थरात, टोचला जात असल्यामुळे तो जन्मभर राहतो. ट्रान्सफर पेपरवर घरी तयार केलेला तात्पुरता टॅटू मात्र त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरावर नुसता चिकटून बसतो आणि त्या पेशी झडतात तसा दोन-चार दिवसांत उतरतो. त्यातली कारागिरी सुईची नसून कागदाची आहे.

या कागदाची रचना थरांची असते. खाली साधा कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा थर आणि त्यावर पारदर्शक पापुद्रा. चित्र छापले जाते ते या चकचकीत पापुद्र्यावर. शाई वाळली की दोन्ही बाजूंनी संरक्षक अस्तर असलेले चिकट पान घेऊन त्याचे एका बाजूचे अस्तर सोलायचे, ते छपाईवर एका कडेपासून हळूहळू बसवायचे आणि आत हवा राहू नये म्हणून पट्टीच्या धारेने मधून कडेकडे दाबत न्यायचे. राहिलेला प्रत्येक बुडबुडा पुढे अंगावर खपली होऊन उठतो. पोळ्याच्या आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीत होणाऱ्या गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या प्रथेच्या, सुमारास हवा दमट असल्याने शाई वाळायला बराच वेळ लागतो, आणि घाई केली तर चिकट पानाखाली ती पसरते. इंकजेटसाठीचा कागद लेझर यंत्रात घालणे तर टाळलेच पाहिजे, कारण तेथील उष्णतेने पापुद्रा वितळून यंत्राच्या आत चिकटू शकतो.

लावताना दुसरे अस्तर काढून चित्राची बाजू त्वचेवर ठेवली जाते आणि पाठीमागून ओल्या फडक्याने अर्धा मिनिट दाब दिला जातो. कागद पाणी पिऊन धुरकट पारदर्शक होतो, मागून चित्राच्या रेषा दिसू लागतात आणि आतला थर विरघळला की कागद ओढावा न लागता आपणहून सरकतो. कोपरा उचलून पाहताना पापुद्राही सोबत आला, तर तो परत बसवून पुन्हा ओले करावे. म्हणजे कागदावर सर्वांत शेवटी चढवलेला चिकट थर अंगावर सर्वांत खाली जातो आणि पापुद्रा सर्वांत वर येऊन शाईचे रक्षण करतो. थरांच्या याच उलटापालटीमुळे चित्रही उलटे, आरशातल्यासारखे छापावे लागते.

बदाम किंवा फुलपाखराच्या बाबतीत हे विसरले तरी फारसे बिघडत नाही; नाव मात्र विसरू देत नाही. देवनागरीत तर तपासणारा डोळाही फसतो, कारण उलट्या छपाईत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन दीर्घ वेलांटीसारखी दिसते आणि शुद्धलेखनाचा पक्का माणूस नेमकी तीच 'दुरुस्त' करायला जातो. छपाई आरशासमोर धरून वाचणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. शिरोरेषेचीही एक अडचण आहे. पापुद्रा त्वचेइतका ताणला जात नाही. त्यामुळे मनगटाच्या किंवा कोपराच्या घडीवर लांब सलग रेषा सर्वांत आधी तडकते आणि नावाची अक्षरे सुटी होतात, म्हणून नावासाठी दंडाची बाहेरची बाजू किंवा घडीपासून दूरचा हाताचा भाग निवडणे शहाणपणाचे ठरते.

घरगुती छपाईयंत्रात पांढरी शाई नसते. पडद्यावर पांढरा दिसणारा भाग कागदावर कोराच राहतो आणि अंगावर त्याला त्वचेचाच रंग येतो. फिकट पिवळा आणि गुलाबीही गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत जवळजवळ हरवतात. जाड काळ्या रेषा तेवढ्या ठसठशीत उठतात, आणि ठिपके, त्रिकोण व आडव्या-उभ्या रेषांचे गोंदणाचे नमुने या कागदावर रंगीत चित्रांपेक्षा कितीतरी चांगले उतरतात.

या प्रकरणात सर्वांत कमी विचार होतो तो शाईचा. छपाईयंत्राची शाई कागदासाठी बनवलेली असते, त्वचेसाठी नव्हे. तिच्या आणि त्वचेच्या मध्ये चिकट थर असला तरी तो अभेद्य नसतो. जेल पेनाने बटर पेपरवर चित्र काढून ते अत्तराने किंवा डिओडरंटने ओले करून अंगावर उतरवण्याची युक्ती त्याहून वाईट, कारण तीत शाई थेट त्वचेवर येते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत पॅराफिनाइलिनडायअमीन हे केसांच्या कलपात वापरले जाणारे रसायन असते आणि त्याने फोड येऊन कायमचे व्रण राहू शकतात. कागदी टॅटूचा तुकडा आधी हाताच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावा, लहान मुलांच्या अंगावर आणि खरचटलेल्या जागी तो लावूच नये. उतरवताना घासण्याऐवजी खोबरेल तेल लावून काही मिनिटे थांबावे. तेलाने चिकट थर सैल झाला की पापुद्रा बोटाने गुंडाळत काढता येतो आणि उरलेला तेलकटपणा साबणाने जातो.