बीट तेच, पाटी वेगळी

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका उपाहारगृहात २०१६च्या शरद सत्रात ४६ दिवस भाज्यांवरच्या पाट्या बदलत ठेवल्या होत्या. भाजी तीच, करण्याची रीतही तीच. लिहिणं तेवढं वेगळं. बीट एखाद्या दिवशी नुसतं ‘बीट’, कधी साखर न घातलेलं हलकं बीट, कधी भरपूर अँटिऑक्सिडंट असलेलं बीट, तर कधी जहाल मिरची आणि आंबट लिंबाच्या चवीचं बीट. चटकदार पाटी लागली की साध्या नावापेक्षा २५ टक्के जास्त लोकांनी भाजी वाढून घेतली. ‘साखर नाही’ छापाच्या पाटीपेक्षा ४१ टक्के जास्त, आणि अँटिऑक्सिडंटचं कौतुक करणाऱ्या पाटीपेक्षाही ३५ टक्के जास्त. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. (आपल्या खानावळवाल्यांना हे शिकवायला नको. ते फळ्यावर ‘झणझणीत’ लिहितात. ‘तंतुमय’ म्हणून भरलं वांगं खपवायच्या फंदात पडत नाहीत.)

पुढे पाच विद्यापीठांत असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले आणि मेख तिथे कळली: भाजी मुळात चवदार नसेल, तर नुसत्या पाटीने काम होत नाही.